हुशार किशोरवयीन मुलं स्वतःला कोणाशी ताडून पाहतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुख्यतः नाशिक परिसरातल्या, सहावी ते बारावीतल्या अतिशय हुशार मुलांच्या पालकांसाठी, त्यांच्या शिक्षकांसाठी आणि खुद्द त्या मुलांसाठी हे पान आहे. मुलाची बुद्धी वर्षभरात फारशी बदलत नाही. पण आजूबाजूची मुलं बदलली की त्याचं स्वतःबद्दलचं मत महिनाभरातही पालटतं. हे एवढं ध्यानात ठेवलं तर खालची बहुतेक उत्तरं सहज पटतील.

प्रज्ञावंत नक्की कोणाला म्हणायचं? ९५ टक्के मिळवणाऱ्या मुलाला?

टक्क्यांवरून एवढंच कळतं की त्या अभ्यासक्रमात, त्या परीक्षेत मुलाने चांगलं लिहिलं. मानसशास्त्रात साधारणपणे बुद्ध्यांक १३० किंवा त्याहून जास्त असेल तर मूल प्रज्ञावंत मानतात. बुद्ध्यांकाची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) १५ धरलेलं असतं, त्या हिशोबाने अशी मुलं शंभरात दोनच्या आसपास येतात. आता हे गणित वर्गाला लावून पाहा. साठ मुलांच्या तुकडीत असं मूल एक, फार तर दोन. चार तुकड्यांच्या शाळेत एका इयत्तेत चार-पाच, आणि तीही वेगवेगळ्या तुकड्यांत विखुरलेली. म्हणजे वर्षानुवर्षं आपल्यासारखं दुसरं कोणी न भेटलेलं मूल ही नेहमीची गोष्ट आहे. त्यात शाळेचाही दोष नाही आणि मुलाचाही.

बुद्धिमत्तेच्या कसोटीशिवाय चित्रकला, संगीत, खेळ, नेतृत्व यांतही प्रज्ञा असते. या पानावर मात्र आम्ही मुख्यतः अभ्यासातल्या हुशारीबद्दल बोलतो आहोत, कारण तुलनेचा जाच सगळ्यात जास्त तिथेच होतो.

हुशार मुलं स्वतःला इतरांपेक्षा वरचढ समजतात, हे खरं का?

अभ्यासापुरतं बोलायचं तर हो, आणि ते साहजिकच आहे. बाकी बाबतींत तसं दिसत नाही. या विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र केले तर चित्र असं दिसतं: अभ्यासातली स्वप्रतिमा, म्हणजे अभ्यासाबाबत स्वतःबद्दलचं मत, इतरांपेक्षा बरीच वर, एकूण स्वतःबद्दलचं मत किंचित वर, आणि दिसणं व मैदानी खेळ या बाबतींत उलट थोडं खाली. हुशार मुलं एकंदरीत जास्त दुःखी किंवा जास्त एकाकी असतात, या समजाला सरासरी पाहता आधार मिळत नाही.

स्वप्रतिमा एकसंध नसते, हे मानसशास्त्रज्ञ शॅव्हल्सन आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये मांडलं. पुढे सुझन हार्टर यांनी किशोरवयीनांसाठी जी प्रश्नावली केली तिच्यात अभ्यास, मुलांमधली स्वीकारार्हता, खेळ, दिसणं, वागणूक, जवळची मैत्री असे विभाग वेगवेगळे मोजले जातात आणि एकूण आत्ममूल्य आणखी वेगळं. म्हणून ‘हिचा आत्मविश्वासच कमी आहे’ हे वाक्य कामाचं नाही. कोणत्या विभागात कमी आहे, हे विचारा. फळ्यावर जाऊन बेधडक गणित सोडवणारी मुलगी डबा खायला कोणाशेजारी बसायचं या विचाराने रोज सकाळी अस्वस्थ होत असू शकते.

मुलाला गणितात ९८ आणि मराठीत ८८ आहेत. तरी ‘माझं मराठी भिकार आहे’ म्हणतो. कौतुक ऐकण्यासाठी बोलतो का?

नाही, त्याला खरंच तसं वाटतं. मूल दोन ठिकाणी तुलना करतं. एक बाहेर, म्हणजे वर्गातल्या मुलांशी. दुसरी आत, स्वतःच्याच दुसऱ्या विषयाशी. हर्बर्ट मार्श या संशोधकाने १९८६ मध्ये हे स्पष्ट केलं. बाहेरच्या तुलनेत ८८ उत्तम आहेत, पण घरातच ९८ बसलेले असल्यामुळे आतल्या तुलनेत ते पडके वाटतात. याचा तोटा पुढे दिसतो. अशी मुलं भाषेकडे पाठ फिरवतात, आणि लिहिता येणारं एक मूल ‘आपण काय, सायन्सवाले’ म्हणून लिहिणंच सोडतं.

इथे ‘अरे, ८८ छानच आहेत’ म्हणून उपयोग होत नाही. त्याची मराठीची दोन उत्तरं घ्या, एक जूनमधलं आणि एक आत्ताचं, आणि शेजारी ठेवा. त्या विषयाची तुलना त्याच विषयाशी झाली की मुलाला फरक स्वतःच दिसतो.

दहावीपर्यंत शाळेत पहिली. अकरावीला क्लासच्या वरच्या बॅचला गेली आणि दिवाळीपर्यंत ‘मी ढ आहे’ म्हणायला लागली. तीन महिन्यांत हुशारी जाते का?

आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. हुशारी कुठेही जात नाही. जाते ती तुलनेची जुनी पट्टी.

१९८४ मध्ये मार्श आणि पार्कर यांनी दाखवून दिलं की सारख्याच क्षमतेची दोन मुलं घेतली, एक साधारण शाळेतलं आणि एक सरासरीने जास्त हुशार मुलांच्या शाळेतलं, तर त्या दुसऱ्या शाळेतल्या मुलाची अभ्यासातली स्वप्रतिमा कमी असते. याला ‘मोठा मासा, लहान तळं’ परिणाम म्हणतात: लहान तळ्यात मोठा वाटणारा मासा मोठ्या तळ्यात लहान वाटतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पडताळणीत २६ देशांतल्या पंधरा वर्षांच्या एक लाखाहून जास्त मुलांच्या माहितीत हाच कल आढळला. त्यामुळे ‘आमच्या मुलीचं मन कमकुवत आहे’ असा निष्कर्ष काढायची गरज नाही.

आता नाशिकमध्ये हे कसं घडतं ते पाहू. मुलगी सिडकोतल्या किंवा पंचवटीतल्या शाळेत दहा वर्षं आहे. पहिला नंबर तिचा, हे सगळ्यांना पाठ आहे. जूनमध्ये ती कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडवरच्या क्लासला जाते. तिथे प्रत्येक मूल कुठल्या ना कुठल्या शाळेतलं पहिलं आहे. दर रविवारी ओएमआर शीटवर टेस्ट, सोमवारी रात्री ग्रुपवर रँकची पीडीएफ. ती फोनवर दोन बोटांनी मोठी करायची, खाली सरकवत जायची आणि आपलं नाव शोधायचं. पहिल्या पानावर नाव नाही, ही तिच्या आयुष्यातली नवी गोष्ट असते. त्यातच सहा आठवड्यांनी बॅचची फेररचना, आणि कॅनडा कॉर्नरला सिग्नलला थांबलं की समोर फ्लेक्सवर मागच्या वर्षीच्या टॉपरचे फोटो.

तिला हिशोब दाखवा, तोंडी दिलासा देऊ नका. समजा क्लासच्या प्रवेश परीक्षेला ६०० मुलं बसली आणि वरच्या बॅचसाठी ४० निवडली. त्या बॅचमध्ये तिचा नंबर ३५ वा असेल, तर ती ६०० मध्येही साधारण ३५ वी आहे, म्हणजे शंभरात पहिल्या सहांत. वहीच्या पानावर ६०० ची एक लांब रेघ काढा आणि ४० चा तुकडा तिच्या एका टोकाला रंगवा. तोंडाने पन्नास वेळा सांगून जे पटत नाही, ते त्या रंगवलेल्या तुकड्याने पटतं. तुमच्या क्लासचे खरे आकडे विचारून घ्या. काल्पनिक आकडे मुलगी लगेच ओळखते.

दुसरी गोष्ट, रँकची पीडीएफ. ती आली त्या रात्री न पाहता दुसऱ्या दिवशी पाहायची, आणि पाहण्याआधी तीन ओळी लिहायच्या: या टेस्टमध्ये कोणते प्रश्न येत असूनही चुकले, कोणते आलेच नाहीत, कोणत्यांना वेळ पुरला नाही. बहुतेक वेळा ‘मी ढ आहे’चं भाषांतर ‘रोटेशनल मोशनचे सहा प्रश्न आले नाहीत’ असं निघतं, आणि सहा प्रश्नांचं काहीतरी करता येतं.

पहिले तीन-चार महिने घसरण दिसणं अपेक्षित आहे. जानेवारीतही ती वही उघडायला तयार नसेल, क्लासला जाण्याच्या वेळी पोटात दुखत असेल, तर बॅच बदलण्याचा विचार करावा. मधल्या बॅचमध्ये वरून दहावं असणारं मूल वरच्या बॅचमध्ये शेवटून दुसरं असणाऱ्या सारख्याच क्षमतेच्या मुलापेक्षा जास्त प्रश्न विचारतं आणि जास्त अभ्यास करतं, असं पुष्कळदा होतं. यात कमीपणा वाटतो तो बहुधा पालकांना.

मग निवडक मुलांच्या शाळेत घालूच नये का?

असं नाही. निवड झाल्याचा अभिमानही स्वप्रतिमेला बळ देतो. सरासरीत तुलनेचा परिणाम थोडा जड जातो, इतकंच. शिवाय आपल्यासारखी मुलं भेटण्याचं मोल वेगळंच आहे. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी १९६२ पासून बुद्धिमान मुलांसाठी काम करते आहे, आणि नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या खेडगावच्या नवोदय विद्यालयात जिल्ह्यातल्या गावागावांतून निवडून आलेली मुलं सहावीपासून राहून शिकतात. तिथे आलेल्या मुलाला पहिल्यांदा कोड्यावर रात्री उशिरापर्यंत वाद घालायला जोडीदार मिळतो.

मुलाला आधीच सांगून ठेवा, जाण्यापूर्वी, मे महिन्यातच: ‘तिथे तुझा नंबर बहुतेक पहिला येणार नाही, दहावा-विसावाही येईल. त्याचा अर्थ तू मागे पडलास असा नाही.’ आधी ऐकलेलं मूल नंबर घसरला तर ‘हे सांगितलं होतं’ म्हणतं. न ऐकलेलं मूल ‘माझं काहीतरी बिघडलं’ म्हणतं.

निफाडहून मराठी माध्यमातला मुलगा अकरावीला नाशिकला आला. तो म्हणतो इथली सगळी मुलं त्याच्यापेक्षा हुशार आहेत.

तो इंग्रजीचा वेग आणि हुशारी यांची गल्लत करतो आहे. शेजारचा मुलगा ‘अ‍ॅक्सिलरेशन’ ऐकतो तेव्हा त्याच्या डोक्यात अर्थ लगेच उभा राहतो. आपला मुलगा आधी ‘त्वरण’ आठवतो, तोवर सर पुढच्या ओळीवर गेलेले असतात. हात वर करायला तीन सेकंद उशीर होतो आणि तो उशीर त्याला मठ्ठपणा वाटतो.

उपाय अगदी साधा आहे. प्रत्येक धड्याच्या आधी त्यातले १५ ते २० पारिभाषिक शब्द वहीत दोन रकान्यांत लिहायचे, डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी उच्चार देवनागरीतच. धडा सुरू होण्याआधी दोनदा मोठ्याने वाचायचे. सुरुवातीला एका धड्याला अर्धा तास जातो, दिवाळीपर्यंत दहा मिनिटं पुरतात. सेमी इंग्रजीतल्या मुलांना विज्ञान-गणितात हा त्रास कमी होतो, पण बोलण्याच्या बाबतीत होतोच. खोलीवर किंवा वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला तालुक्याचं आणखी एक मूल त्याच वर्गात आहे का, हे पहिल्याच आठवड्यात शोधून द्या. दोघांनाही तोच त्रास आहे हे कळलं की अर्धं ओझं उतरतं.

घरच्या घरी मुलाचं मन कसं ओळखावं? विचारलं तर ‘ठीक आहे’ एवढंच म्हणतो.

एक फुलस्केप कागद घ्या. डावीकडे सहा ओळी: अभ्यास, मित्र-मैत्रिणी, खेळ आणि शरीर, दिसणं, घरचे, मला आवडणारं काम. वर तीन रकाने: ‘वर्गातल्या मुलांच्या मानाने’, ‘माझ्या वयाच्या सगळ्या मुलांच्या मानाने’, ‘मागच्या वर्षीच्या माझ्या मानाने’. प्रत्येक चौकटीत १ ते ५ यांपैकी एक आकडा. वीस मिनिटं लागतात. तीन महिन्यांनी पुन्हा भरायचा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवायचे.

वाचताना एकेक आकडा पाहू नका, रकान्यांमधला फरक पाहा. अभ्यासाच्या ओळीत ‘वर्गाच्या मानाने’ २ आणि ‘वयाच्या मुलांच्या मानाने’ ४ असेल तर मूल भानावर आहे, त्याला वर्ग कठीण आहे हे कळतं. दोन्हीकडे २ असेल तर वर्गालाच त्याने जग मानलं आहे, आणि वरची ६०० ची रेघ त्याला दाखवायची वेळ आली. तिसरा रकाना सगळीकडे रिकामा सोडला असेल तर त्याला स्वतःशी तुलना करायची सवयच नाही. ‘मला आवडणारं काम’ या ओळीत काहीच सुचलं नाही तर तिकडे सगळ्यात आधी लक्ष द्या, मार्क कितीही असोत.

हा कागद बिघडतो तो ठरावीक कारणांनी. आई शेजारी बसून ‘दोन का लिहिलंस, चार लिही’ म्हणते. किंवा निकालाच्याच आठवड्यात भरायला दिला जातो. किंवा सगळीकडे ३ लिहून मूल मोकळं होतं. तेव्हा ओरडू नये, ३ हा आकडाच काढून टाकावा आणि १, २, ४, ५ मधून निवडायला सांगावं. आणि भरलेला कागद आत्याला, काकांना दाखवायचा नाही. एकदा दाखवलात की पुढचा कागद खोटा.

ही निदानाची चाचणी नाही, बोलणं सुरू करायचं साधन आहे.

मी आठवीत आहे. पेपर सोपा गेला तरी मी सगळ्यांना ‘वाईट गेला’ सांगते. नाहीतर मुली म्हणतात शायनिंग मारते. यात चूक काय?

तुझ्यासारखं पुष्कळ मुलं करतात, आणि त्यामागची भीती खोटी नाही. हुशारी हा बिल्ला एकदा लागला की बाकी सगळं झाकलं जातं, म्हणून मुलं ती लपवतात, किंवा कमी करून दाखवतात, किंवा मुद्दाम वर्गात चुकीचं उत्तर देतात. लॉरेन्स कोलमन आणि ट्रेसी क्रॉस या संशोधकांनी अमेरिकेतल्या हुशार मुलांबद्दल नेमकं हेच लिहिलं आहे.

अडचण निकालाच्या दिवशी येते. ‘वाईट गेला’ म्हणून सांगितलेल्या पेपरात ४० पैकी ३९ मार्क आले की मैत्रिणींना वाटतं तू खोटं बोललीस, आणि शायनिंगपेक्षा ते जास्त लागतं. पेपर सुटल्यावर असं बोलून बघ: ‘बरा गेला. शेवटच्या प्रमेयात वेळ गेला. तुझा?’ तीन छोटी वाक्यं. पहिलं खरं, दुसरं अडलेली खरी जागा सांगणारं, तिसरं समोरच्याकडे बोलणं नेणारं. आणि उत्तरं पडताळत बसू नकोस, त्यात कोणाचंच भलं होत नाही. मुद्दाम चुकीचं उत्तर देणं मात्र थांबव. आठवीत मुद्दाम केलेलं नववीत सवयीनं होतं.

वर्गातल्या मुलांशी बोलायला माझ्याकडे विषयच नसतो. माझ्यात काही खोट आहे का?

नाही. वर साठ मुलांचं गणित दिलं आहे, ते वाच. एका वर्गात सगळ्या गरजा भागवणारे मित्र मिळणं तुझ्यासाठी कठीण आहे, म्हणून ते वाटून घे. क्रिकेटला एक जण, क्लासला जाताना सोबत एक जण, आणि डोक्यातल्या विषयावर बोलायला तिसरा, जो कदाचित तुझ्या वयाचा नसेल. असा एक जवळचा मित्र असला तरी पुरतो.

वयाची अट नसलेल्या जागा नाशिकमध्ये आहेत. ग्रँडमास्टर विदित गुजराथीच्या या शहरात बुद्धिबळाच्या स्पर्धेत दहा वर्षांचं पोर आणि पन्नाशीचे काका एकाच पटावर बसतात, आणि रेटिंग वय विचारत नाही. तिथे तू लहानाकडून हरशील, मोठ्याला हरवशील, आणि दोन्ही गोष्टी सवयीच्या होतील. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे. रविवारी सकाळी रामशेज किंवा अंजनेरीला जाणारे गट आहेत. चढण लागल्यावर दहावीचे टक्के कोणी काढत नाही. आठवी ते बारावीच्या मुलांसाठी गणित ऑलिंपियाडची पहिली पायरी आहे. तिथे शाळेच्या पुस्तकाबाहेरचं गणित भेटतं आणि ते आवडणारी मुलंही.

पालकांसाठी एक सूचना: बारा वर्षांच्या मुलाला सोळा वर्षांच्या मुलांचं बोलणं कळतं म्हणून त्यांच्या सगळ्याच गोष्टी पेलतात असं नाही. गट कोणता, मोठं माणूस सोबत कोण, हे बघा.

मुलगी सातवीपर्यंत वर्गात सारखी हात वर करायची. आता करत नाही. मार्क तेवढेच आहेत.

मार्क तेवढेच असूनही गणितातला स्वतःवरचा विश्वास मुलींमध्ये मुलांपेक्षा कमी आढळतो, हे अनेक देशांत दिसलं आहे. किशोरवयात सगळे आपल्याकडेच बघत आहेत असं वाटतं; डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये याला काल्पनिक प्रेक्षक म्हटलं. हुशार मुलीच्या या प्रेक्षकांत ‘जास्त शहाणी’ म्हणणारे बसलेले असतात.

शिक्षकांना भेटून एकच विनंती करा: प्रश्न विचारल्यावर दहा सेकंद थांबावं, सगळ्यांनी उत्तर वहीत लिहावं आणि मग नाव घेऊन विचारावं. हात वर करायचा प्रश्नच उरत नाही. घरी मात्र तिच्यासमोर ‘दादाचं डोकं गणितात चालतं, ही मेहनती आहे’ हे वाक्य येऊ देऊ नका. घरोघरी ते सहज बोललं जातं आणि मुलगी ते विसरत नाही.

तू प्रज्ञावंत आहेस असं मुलाला सांगावं का? बुद्ध्यांक सांगावा का?

ब्रिटनमध्ये जोन फ्रीमन यांनी १९७४ पासून बरीच वर्षं मुलांचा मागोवा घेतला. सारख्याच क्षमतेच्या मुलांत ज्यांना घरच्यांनी प्रज्ञावंत असा शिक्का लावला होता, त्यांच्यात भावनिक अडचणी जास्त दिसल्या. शिक्का आणि घरची परिस्थिती दोन्हींचा त्यात हात होता. माहिती लपवा असं आम्ही म्हणत नाही. ‘तुला नवी गोष्ट पटकन समजते, म्हणून वर्गात कंटाळा येतो, काहींना समजायला वेळ लागतो आणि ती मुलं चिकाटीत तुझ्या पुढे असू शकतात’ हे सांगावं. आकडा सांगू नये. चाचणी दुसऱ्या दिवशी घेतली तरी तो चार-पाचाने हलतो, पण मुलाच्या मनात तो कायमचा बसतो आणि मग मित्राचा आकडा विचारला जातो.

कौतुकाचंही तसंच. १९९८ मध्ये म्यूलर आणि ड्वेक यांच्या प्रयोगांत ‘हुशार आहेस’ अशी शाबासकी मिळालेली मुलं अपयशानंतर लवकर थकली, सोपे प्रश्न निवडू लागली आणि काहींनी आपले गुण वाढवून सांगितले. प्रयत्नांचं कौतुक झालेली मुलं टिकून राहिली. पुढच्या मोठ्या अभ्यासांत अशा उपायांचा परिणाम लहान निघाला, त्यामुळे एका वाक्याने मूल बदलेल अशी आशा नको. तरी ‘किती हुशार!’ ऐवजी ‘दुसरी रीत कशी सुचली?’ विचारायला काही पडत नाही.

वर्गशिक्षक म्हणून मी काय करू शकतो?

पेपर गुणानुक्रमे वाटू नका. पालथे ठेवून हजेरीच्या क्रमाने द्या. हुशार मुलाला कायम कच्च्या मुलाशेजारी ‘शिकवायला’ बसवू नका; आठवड्यातून एक तास ठीक, रोज बसवलं तर दोघांचीही स्वप्रतिमा बिघडते, एकाची फुगते आणि दुसऱ्याची खचते. गटप्रकल्पात भूमिका चिठ्ठीवर लिहून दर वेळी बदला, नाहीतर चार जणांचा प्रकल्प एकटा करतो आणि बाकीचे त्याच्यावर नाराजही होतात. काम लवकर संपवणाऱ्याला त्याच प्रकारची आणखी दहा गणितं देणं ही शिक्षा आहे. एकच वेगळं, अडवणारं गणित द्या. हुशार मुलाला दर आठवड्यात एकदा तरी न येणारी गोष्ट भेटायला हवी, नाहीतर ती पहिल्यांदा अकरावीत भेटते.

तोंडी सगळं येतं, लिहायला लावलं की गोंधळ. सगळे आळशी म्हणतात, आणि आता तोही स्वतःला तसंच म्हणतो.

हुशारी आणि अध्ययन अक्षमता (बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित यांत येणारी अडचण) एकत्र असू शकतात. अशा मुलाची हुशारी अडचण झाकते आणि अडचण हुशारी झाकते, म्हणून मार्क मध्यम राहतात आणि कोणाला काही वेगळं वाटत नाही. तोंडी आणि लेखी यांतली तफावत मोठी असेल, अक्षरांची उलटापालट किंवा वाचनाचा वेग सातवीतही अडखळता असेल, तर तपासणी करून घ्या. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात, त्यासाठी शासनमान्य प्रमाणपत्र लागतं. हे काम आठवी-नववीतच सुरू करा. दहावीचा फॉर्म भरायच्या वेळी धावपळ केली तर उशीर होतो.

बुद्धिमत्ता चाचणी करावी का?

कारण असेल तरच: वरच्यासारखी शंका, शाळा बदलण्याचा निर्णय, किंवा वर्गात टोकाचा कंटाळा. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडेच करा. बिने-कामत चाचणी मराठीत उपलब्ध आहे आणि तिच्यात भाषेचा भाग मोठा आहे. रेव्हनची चाचणी आकृत्यांची आहे, भाषा अडवत नाही. तासाभराहून जास्त वेळ धरा. ताप, परीक्षा किंवा अपुरी झोप असेल त्या दिवशी करू नका. मोबाइलवरच्या फुकट चाचण्यांच्या आकड्याला काहीही किंमत देऊ नये.

काळजी कधी करावी?

दोन आठवड्यांहून जास्त झोप किंवा भूक बिघडली, आवडीचं काम सुटलं, मित्रांना भेटणं बंद झालं, अपूर्ण राहील म्हणून वही द्यायलाच मूल नकार देऊ लागलं, तर समुपदेशकाकडे जा. ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशा अर्थाचं एकही वाक्य ऐकलं तर त्याच दिवशी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. हुशार मूल ‘मी गंमत केली’ असं फार पटण्यासारखं बोलू शकतं. त्यावर विसंबू नका.

निकालाच्या दिवशी काय बोलावं?

आधी मुलाला बोलू द्या. त्याच्या तोंडून टक्के आले की ‘तुला कसं वाटतंय?’ एवढं विचारा आणि थांबा. त्या दिवशी दुसऱ्या कोणाचेही टक्के विचारू नका, त्याच्याकडूनही नाही आणि फोनवर तर मुळीच नाही. आजी-आजोबा, मामा, सोसायटीचा ग्रुप यांपैकी कोणाला आकडा सांगायचा आणि कोणाला नुसतं ‘पास झाला, खूश आहे’ सांगायचं, हे निकालाच्या आदल्या दिवशी मुलासोबत बसून ठरवा, आणि ठरल्याप्रमाणेच वागा.